एकाच समाजमाध्यम खात्यावर विसंबलेला व्यवसाय : लघुउद्योजकांपुढील धोके आणि संरक्षणाचे मार्ग

घरगुती खाद्यपदार्थ, साड्या, हस्तकलेच्या वस्तू, दागिने, रोपवाटिका, शिवणकाम, शिकवणी वर्ग अशा असंख्य लहान व्यवसायांसाठी समाजमाध्यमे हीच आज मुख्य बाजारपेठ झाली आहे. दुकानाचे भाडे नाही, अनामत रक्कम नाही, जाहिरातीचा मोठा खर्च नाही. हातातील मोबाइलवरून मालाचे छायाचित्र टाकावे आणि मागणी नोंदवून घ्यावी, इतका हा व्यवहार सोपा झाला आहे. मात्र ज्या खात्यावर हा व्यवसाय उभा असतो, ते खाते व्यावसायिकाच्या मालकीचे नसते. सरकारी आदेश, तांत्रिक बिघाड, इंटरनेटबंदी, कंपनीच्या धोरणातील बदल, खाते गोठवले जाणे किंवा ते चोरीस जाणे, यांपैकी कोणत्याही कारणाने ही बाजारपेठ एका दिवसात बंद होऊ शकते. गेल्या काही वर्षांत भारतातील व्यावसायिकांनी यातील जवळजवळ प्रत्येक प्रकाराचा अनुभव घेतला आहे.

देशाच्या अर्थव्यवस्थेत सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांचा वाटा सुमारे ३० टक्के मानला जातो. केंद्र सरकारच्या ‘उद्यम’ आणि ‘उद्यम असिस्ट’ या दोन संकेतस्थळांवर मिळून ६ कोटींहून अधिक उद्योगांची नोंदणी झाली असून त्यांतील बहुसंख्य उद्योग सूक्ष्म गटातील आहेत. या गटातील व्यावसायिकाकडे राखीव भांडवल फारसे नसते. पंधरा दिवस विक्री थांबली, तरी कच्च्या मालाची उधारी, मजुरी आणि कर्जाचा हप्ता थांबत नाही. त्यामुळे मोठ्या कंपनीला केवळ गैरसोय वाटणारी घटना लहान व्यावसायिकाच्या उदरनिर्वाहावर घाला घालू शकते.

खाते म्हणजे मालकीची जागा नव्हे

समाजमाध्यमावर खाते उघडताना वापरकर्ता कंपनीच्या अटी मान्य करतो. या अटींनुसार छायाचित्रे, मजकूर आणि चित्रफिती यांवरील हक्क सामान्यतः वापरकर्त्याकडेच राहतात. खाते सुरू ठेवण्याचा, मर्यादित करण्याचा अथवा बंद करण्याचा अधिकार मात्र कंपनी स्वतःकडे राखून ठेवते. अनेक मंचांवर खाते दुसऱ्याला विकण्यास किंवा हस्तांतरित करण्यासही मनाई असते. म्हणजेच दहा वर्षे खपून जमवलेले अनुसारक हे व्यावसायिकाच्या वहीखात्यात दाखवता येईल असे भांडवल नसते.

पारंपरिक दुकानाशी तुलना केल्यास हा फरक अधिक स्पष्ट होतो. भाडेकरूला दुकान रिकामे करायला लावायचे, तरी करार, नोटीस, मुदत आणि न्यायालय असे टप्पे असतात. दुकान हलवले, तरी जुन्या गिऱ्हाइकाला नवा पत्ता कळवता येतो. समाजमाध्यमावरील खाते बंद झाल्यास मात्र गिऱ्हाइकांशी संपर्काचे साधनच नाहीसे होते, कारण त्यांची नावे आणि क्रमांक बहुधा त्याच मंचावर असतात.

या अवलंबित्वाची किंमत साध्या हिशेबाने मोजता येते. समजा, एखाद्या घरगुती उद्योगाची महिन्याची विक्री १ लाख रुपये आहे आणि त्यातील ८० टक्के मागणी एकाच खात्यावरून येते. ते खाते पंधरा दिवस बंद राहिले, तर सुमारे ४० हजार रुपयांची विक्री बुडते. हेच पंधरा दिवस नवरात्र ते दिवाळी या काळातील असतील, तर नुकसान कित्येक पटींनी वाढते. मागणीच्या अंदाजाने आधीच तयार करून ठेवलेला फराळ किंवा शिवलेले कपडे हंगाम उलटल्यावर त्या भावाने विकले जात नाहीत.

सरकारी आदेश : टिकटॉकचा अनुभव

एखादा मंच संपूर्णपणे बंद होण्याचे भारतातील सर्वांत मोठे उदाहरण टिकटॉकचे आहे. केंद्रीय इलेक्ट्रॉनिक्स आणि माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाने २९ जून २०२० रोजी माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६९-अ अन्वये टिकटॉकसह ५९ चिनी अ‍ॅपवर बंदी घातली. देशाचे सार्वभौमत्व, सुरक्षा आणि सार्वजनिक सुव्यवस्था ही कारणे त्या वेळी देण्यात आली. भारत ही टिकटॉकची सर्वांत मोठ्या बाजारपेठांपैकी एक होती. लहान शहरांतील आणि खेड्यांतील अनेक कलाकार, शिक्षक, केशभूषाकार आणि विक्रेते यांना तेथे प्रथमच मोठा प्रेक्षकवर्ग मिळाला होता. आदेशानंतर अल्पावधीतच अ‍ॅप भारतात चालेनासे झाले आणि जमवलेला प्रेक्षकवर्ग दुसरीकडे नेण्याची कोणतीही सोय उरली नाही.

या घटनेची पूर्वसूचना एक वर्ष आधीच मिळाली होती. मद्रास उच्च न्यायालयाच्या मदुराई खंडपीठाने एप्रिल २०१९ मध्ये टिकटॉक डाउनलोड करण्यास मनाई करण्याचे निर्देश दिले होते. त्यानंतर गूगल आणि अ‍ॅपल यांच्या अ‍ॅप भांडारांतून ते काही दिवस हटवण्यात आले. त्याच महिन्याच्या अखेरीस बंदी उठली आणि व्यवहार पूर्ववत सुरू झाला. या काळात ज्यांनी आपला प्रेक्षकवर्ग यूट्यूब, इन्स्टाग्राम किंवा व्हॉट्सअ‍ॅपकडेही वळवून ठेवला होता, त्यांना २०२० मध्ये शून्यापासून सुरुवात करावी लागली नाही. बंदीनंतर अवघ्या काही दिवसांत, जुलै २०२० मध्ये, इन्स्टाग्रामने भारतात ‘रील्स’ ही सुविधा आणली आणि अनेकजण तिकडे वळले. मात्र प्रेक्षक नव्याने जमवण्याचे श्रम प्रत्येकाला करावे लागले.

अशा घटना केवळ भारतापुरत्या मर्यादित नाहीत. शेजारच्या नेपाळमध्ये सप्टेंबर २०२५ मध्ये नोंदणीच्या वादावरून फेसबुक, व्हॉट्सअ‍ॅप, एक्स यांसह २६ मंच बंद करण्यात आले. तीव्र आंदोलनानंतर ही बंदी काही दिवसांतच मागे घ्यावी लागली. बंदी योग्य होती की अयोग्य, हा राजकीय आणि कायदेशीर प्रश्न आहे. व्यावसायिकाच्या दृष्टीने महत्त्वाची बाब ही की, वादाशी सुतराम संबंध नसलेल्या विक्रेत्याचे दुकानही त्यात बंद होते.

तांत्रिक बिघाड : एका कंपनीच्या तीन सेवा

अनेक व्यावसायिक फेसबुक, इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सअ‍ॅप अशा तीन ठिकाणी खाती ठेवतात आणि त्यामुळे आपली जोखीम विभागली गेली असे मानतात. प्रत्यक्षात या तिन्ही सेवा मेटा या एकाच कंपनीच्या आहेत. ४ ऑक्टोबर २०२१ रोजी या तिन्ही सेवा जगभरात सुमारे सहा तास एकाच वेळी बंद पडल्या. देखभालीच्या कामादरम्यान दिलेल्या एका आज्ञेमुळे कंपनीच्या माहिती केंद्रांना जोडणारे जाळे तुटल्याचे कंपनीने नंतर स्पष्ट केले. भारतात त्या वेळी रात्रीचे नऊ वाजून गेले होते. जाहिरात फेसबुकवर, मालाची छायाचित्रे इन्स्टाग्रामवर आणि मागणी व्हॉट्सअ‍ॅपवर, अशी रचना असलेल्या व्यवसायाचे तिन्ही दरवाजे एकदमच बंद झाले.

२५ ऑक्टोबर २०२२ रोजी, म्हणजे लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी, व्हॉट्सअ‍ॅपची सेवा भरदुपारी सुमारे दोन तास ठप्प झाली होती. असे बिघाड काही तासांत दूर होतात आणि त्यांमुळे होणारे नुकसान मर्यादित असते. तरीही त्या दिवशीच्या मागण्या, पत्ते आणि पैसे मिळाल्याच्या नोंदी केवळ संदेशांतच असतील, तर माल कोणाला पाठवायचा हे समजण्यासही मार्ग उरत नाही. खाती किती आहेत, यापेक्षा ती किती वेगवेगळ्या कंपन्यांकडे आहेत, हे पाहणे म्हणूनच अधिक उपयुक्त ठरते.

इंटरनेटबंदी : मंच सुरू, बाजार बंद

कधी मंच सुरू असतो, पण तेथपर्यंत पोहोचण्याचा मार्गच बंद होतो. जम्मू आणि काश्मीरमध्ये ५ ऑगस्ट २०१९ पासून दळणवळणावर व्यापक निर्बंध आले. जानेवारी २०२० च्या अखेरीस मर्यादित संकेतस्थळांपुरती टूजी सेवा मिळू लागली, समाजमाध्यमांवरील निर्बंध मार्च २०२० मध्ये उठले आणि फोरजी सेवा फेब्रुवारी २०२१ मध्ये पूर्ववत झाली. शाली, कशिदाकाम, सुकामेवा अशा वस्तू देशभर ऑनलाइन विकणाऱ्यांसाठी हा काळ कसोटीचा होता. मणिपूरमध्येही मे २०२३ पासून कित्येक महिने मोबाइल इंटरनेट बंद होते. राजस्थान, आसाम अशा राज्यांत भरती परीक्षांच्या वेळी काही तासांसाठी इंटरनेट बंद ठेवण्याचे प्रकार घडले आहेत.

या संदर्भात सर्वोच्च न्यायालयाचा ‘अनुराधा भसीन विरुद्ध भारत सरकार’ या प्रकरणातील १० जानेवारी २०२० चा निकाल महत्त्वाचा आहे. इंटरनेटच्या माध्यमातून व्यापार व व्यवसाय करण्याच्या स्वातंत्र्याला राज्यघटनेच्या अनुच्छेद १९ (१) (छ) अन्वये संरक्षण आहे, असे न्यायालयाने स्पष्ट केले. इंटरनेट अनिश्चित काळासाठी बंद ठेवता येणार नाही, निर्बंध परिस्थितीच्या प्रमाणात असावेत आणि त्याबाबतचे आदेश प्रसिद्ध केले जावेत, असेही निकालात नमूद आहे. हा निकाल व्यावसायिकांना आधार देणारा असला, तरी बंदी लागू झाल्याच्या दिवशी थांबलेली विक्री तो भरून देत नाही. त्या दिवशी उपयोगी पडते ती दूरध्वनी क्रमांकांची कागदी यादी.

क्रमवारीतील बदल आणि बंद होणाऱ्या सुविधा

खाते सुरू असूनही गिऱ्हाईक कमी होणे, हा सर्वांत सहज दुर्लक्षिला जाणारा धोका आहे. एखाद्याचा मजकूर किती अनुसारकांना दिसावा, हे मंचाचा अल्गोरिदम, म्हणजे क्रमवारी ठरवणारी संगणकीय पद्धत, ठरवत असते. इन्स्टाग्रामने २०१६ मध्ये वेळेनुसार मजकूर दाखवण्याची पद्धत सोडून वापरकर्त्याच्या आवडीनुसार क्रम लावण्यास सुरुवात केली. फेसबुकने जानेवारी २०१८ मध्ये मित्र आणि कुटुंबीयांच्या मजकुराला प्राधान्य देण्याचे आणि व्यवसायांच्या पानांवरील मजकूर कमी दाखवण्याचे जाहीर केले. त्यानंतर अनुसारकांची संख्या तीच राहूनही विनामूल्य मिळणारी प्रसिद्धी घटली आणि आपल्याच अनुसारकांपर्यंत पोहोचण्यासाठी जाहिरातीचे पैसे मोजणे अनेकांना भाग पडले.

यातून विक्रीचा खर्च हळूहळू वाढत जातो. ५०० रुपयांच्या वस्तूवर १०० रुपये नफा होत असेल आणि एक गिऱ्हाईक मिळवण्यासाठी जाहिरातीवर ७० रुपये खर्च होत असतील, तर विक्रीचा आकडा वाढूनही हाती फारसे काही उरत नाही. लहान व्यावसायिक अनेकदा जाहिरातीचा खर्च मालाच्या किमतीत धरतच नाहीत. त्यामुळे तोटा वर्षअखेरीस लक्षात येतो.

सुविधा बंद होण्याचे प्रकारही नवे नाहीत. भारतात एकेकाळी लोकप्रिय असलेले ऑर्कुट ३० सप्टेंबर २०१४ रोजी बंद झाले. गूगल प्लसची सर्वसामान्यांसाठीची सेवा एप्रिल २०१९ मध्ये संपली. फेसबुकने थेट प्रक्षेपणातून विक्री करण्याची सुविधा ऑक्टोबर २०२२ मध्ये, तर इन्स्टाग्रामने मार्च २०२३ मध्ये बंद केली. गूगलने व्यवसायांना दिलेली मोफत संकेतस्थळेही मार्च २०२४ मध्ये बंद करण्यात आली. या निर्णयांमागे कंपन्यांची व्यावसायिक कारणे होती आणि बहुतेक वेळा पूर्वसूचनाही देण्यात आली होती. मात्र एकाच सुविधेभोवती संपूर्ण विक्रीपद्धत उभारलेल्यांना ती नव्याने बसवावी लागली.

खाते गोठणे, खाते चोरी आणि तोतयेगिरी

मोठ्या मंचांवरील मजकुराची छाननी बऱ्याच अंशी स्वयंचलित असते. अवांछित संदेश आणि गैरवापर रोखण्यासाठी व्हॉट्सअ‍ॅप भारतात दरमहा लाखो खात्यांवर बंदी घालते, असे कंपनीच्या मासिक अहवालांतून दिसते. एकाच वेळी शेकडो अनोळखी क्रमांकांना जाहिरात पाठवणे, त्यासाठी अनधिकृत सॉफ्टवेअर वापरणे, किंवा अनेक गिऱ्हाइकांनी एकाच वेळी ‘ब्लॉक’ करणे, ही खाते बंद होण्याची नेहमीची कारणे आहेत. एखाद्या प्रतिस्पर्ध्याने हेतुपुरस्सर तक्रारी केल्यास निर्दोष खातेही तपासणीच्या फेऱ्यात अडकू शकते.

संगीताचा वापर हे आणखी एक कारण आहे. वैयक्तिक खात्यावर चित्रपटगीत लावण्याची मुभा असली, तरी तेच गीत मालाच्या जाहिरातीसाठी वापरण्याची परवानगी त्यात येतेच असे नाही. स्वामित्वहक्क कायदा, १९५७ नुसार हक्कधारक त्यावर आक्षेप घेऊ शकतो. मग चित्रफीत हटवली जाते, आणि असे वारंवार झाल्यास खात्यावर कारवाई होते. व्यवसायाच्या खात्यासाठी मंचाने उपलब्ध करून दिलेल्या संगीतसंग्रहातील संगीतच वापरणे सुरक्षित ठरते.

खातेचोरीसाठी याच भीतीचा वापर केला जातो. ‘आपल्या खात्याने स्वामित्वहक्काचा भंग केला असून २४ तासांत ते बंद होईल, आक्षेप नोंदवण्यासाठी येथे दाबा’ अशा आशयाचा बनावट संदेश येतो. घाबरलेला व्यावसायिक दुव्यावर जाऊन परवलीचा शब्द देतो आणि खाते परक्याच्या ताब्यात जाते. पुढे त्याच खात्यावरून गिऱ्हाइकांकडे आगाऊ रक्कम मागितली जाते. काही वेळा खाते चोरण्याचीही गरज पडत नाही. मूळ विक्रेत्याची छायाचित्रे उचलून, नावातील एखादे अक्षर बदलून तोतया पान उघडले जाते. पैसे देऊन माल न मिळालेला ग्राहक दोष मात्र मूळ विक्रेत्याला देतो. विश्वासावर चालणाऱ्या लहान व्यवसायाचे यात होणारे नुकसान रुपयांत मोजता येत नाही.

विक्रेत्यांची फसवणूक करण्याचे प्रकारही रूढ झाले आहेत. पैसे पाठवल्याचे बनावट छायाचित्र दाखवून माल नेणे, चुकून जास्त रक्कम पाठवल्याचे सांगून परतावा मागणे, किंवा पैसे मिळण्यासाठी क्यूआर कोड स्कॅन करायला सांगणे, हे त्यांतील नेहमीचे प्रकार. युपीआय व्यवहारात पैसे मिळवण्यासाठी पिन टाकावा लागत नाही, हा एक नियम लक्षात ठेवला तरी यातील बरीच फसवणूक टळते. रक्कम जमा झाली की नाही, याची खात्री बँकेच्या नोंदीवरूनच करावी.

दाद कोठे मागावी

माहिती तंत्रज्ञान (मध्यस्थांसाठी मार्गदर्शक तत्त्वे आणि डिजिटल माध्यम आचारसंहिता) नियम, २०२१ मुळे वापरकर्त्याला काही ठोस अधिकार मिळाले आहेत. प्रत्येक मंचाने तक्रार निवारण अधिकारी नेमून त्याचा तपशील प्रसिद्ध करणे या नियमांनी बंधनकारक केले. तक्रारीची पोच २४ तासांत देण्याची आणि ठरलेल्या मुदतीत तिचे निवारण करण्याची जबाबदारी या अधिकाऱ्यावर आहे. देशात ५० लाखांहून अधिक नोंदणीकृत वापरकर्ते असलेल्या मंचांवर अधिक जबाबदाऱ्या आहेत. अशा मंचाने स्वतःहून एखादा मजकूर हटवल्यास त्याची कारणे वापरकर्त्याला कळवणे आणि त्याला बाजू मांडण्याची संधी देणे अपेक्षित आहे.

तक्रार निवारण अधिकाऱ्याच्या निर्णयाने समाधान न झाल्यास केंद्र सरकारने जानेवारी २०२३ मध्ये स्थापन केलेल्या तक्रार अपील समित्यांकडे ३० दिवसांच्या आत ऑनलाइन अपील करता येते. ही प्रक्रिया संपूर्णपणे डिजिटल आहे. खाते का बंद झाले हे सांगणारा संदेश, तक्रारीचा क्रमांक, पोच आणि मिळालेले उत्तर यांच्या प्रती जपून ठेवल्यास अपिलाला बळ मिळते.

आर्थिक फसवणूक झाल्यास विलंब न लावता १९३० या राष्ट्रीय मदत क्रमांकावर कळवावे आणि केंद्रीय गृह मंत्रालयाच्या राष्ट्रीय सायबर गुन्हे नोंद संकेतस्थळावर तक्रार दाखल करावी. पहिल्या काही तासांत तक्रार झाल्यास रक्कम पुढे वळती होण्याआधी रोखली जाण्याची शक्यता अधिक असते. तोतया पानाविरुद्ध कारवाई करून घेताना व्यवसायाच्या नावाची व्यापारचिन्ह कायदा, १९९९ अन्वये झालेली नोंदणी भक्कम पुरावा ठरते.

विक्रेत्याच्या जबाबदाऱ्या

समाजमाध्यमावर विक्री होते म्हणून कायद्याचे बंधन लागत नाही, हा गैरसमज व्यवसायाला महागात पडू शकतो. ग्राहक संरक्षण (ई-वाणिज्य) नियम, २०२० नियमित व्यावसायिक विक्रीला लागू होतात. एकूण किंमत, माल परत घेण्याच्या अटी आणि संपर्काचा तपशील ग्राहकाला स्पष्टपणे मिळावा, ही त्यांमागील भूमिका आहे. किंमत जाहीर न करता ‘किमतीसाठी संदेश पाठवा’ असे लिहिण्याची प्रथा या भूमिकेशी विसंगत आहे. घरगुती खाद्यपदार्थ विकणाऱ्यांना भारतीय अन्नसुरक्षा आणि मानके प्राधिकरणाची नोंदणी अथवा परवाना आवश्यक असतो. करपात्र वस्तू दुसऱ्या राज्यात विकताना, काही अपवाद वगळता, उलाढाल कमी असली तरी वस्तू आणि सेवा कर नोंदणी लागते. कागदपत्रे अपुरी असतील, तर एखाद्या मंचावरून बाहेर पडून दुसऱ्या विक्रीमार्गाकडे वळणेही अवघड होते, कारण तेथे नोंदणीचे पुरावे आधी मागितले जातात.

जोखीम कमी करण्याचे मार्ग

या धोक्यांचा अर्थ समाजमाध्यमे सोडून द्यावीत, असा होत नाही. नवे गिऱ्हाईक मिळवण्यासाठी इतके स्वस्त साधन लहान व्यावसायिकाला दुसरे क्वचितच मिळेल. प्रश्न आहे तो मिळालेले गिऱ्हाईक कोठे नोंदवून ठेवायचे, हा. ओळख समाजमाध्यमावर व्हावी, पण संबंध व्यावसायिकाच्या स्वतःच्या नोंदीत राहावा, हे त्याचे उत्तर आहे.

पहिली पायरी ग्राहकांच्या यादीची. प्रत्येक मागणीसोबत नाव, दूरध्वनी क्रमांक, पत्ता आणि घेतलेला माल यांची नोंद वहीत किंवा संगणकातील तक्त्यात करावी आणि तिची प्रत वेगळ्या ठिकाणी ठेवावी. नव्या मालाची माहिती पाठवण्यास ग्राहकाची संमती घ्यावी. डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायदा, २०२३ नेही संमतीला मध्यवर्ती स्थान दिले आहे. अनेक मंचांवर स्वतःच्या खात्यातील माहिती उतरवून घेण्याची सोय असते. तिचा वापर दर काही महिन्यांनी करावा.

दुसरी पायरी स्वतःच्या पत्त्याची. ‘डॉट इन’ किंवा देवनागरीतील ‘डॉट भारत’ असे संकेतनाम वार्षिक शुल्क भरून घेता येते. त्यावर मालाची यादी, किंमत आणि संपर्क क्रमांक असलेले साधे पान पुरेसे असते. उद्या संकेतस्थळ चालवणारी सेवा बदलली, तरी शुल्क भरत राहिल्यास नाव व्यावसायिकाकडेच राहते. पिशवीवर, वेष्टनावर आणि पावतीवर समाजमाध्यमाच्या खात्याऐवजी हा पत्ता आणि दूरध्वनी क्रमांक छापणे अधिक हिताचे आहे. व्यवसायाचे सिमकार्ड चालू ठेवण्याकडेही लक्ष हवे. दीर्घकाळ बंद राहिलेला क्रमांक पुढे दुसऱ्या व्यक्तीला दिला जाऊ शकतो.

तिसरी पायरी विक्रीचे मार्ग वाढवण्याची. उद्योग संवर्धन आणि अंतर्गत व्यापार विभागाच्या पुढाकाराने डिसेंबर २०२१ मध्ये स्थापन झालेल्या ‘ओएनडीसी’ या खुल्या जाळ्यावर एका ठिकाणी नोंदणी केलेला विक्रेता वेगवेगळ्या खरेदीदार अ‍ॅपवर दिसू शकतो. सूक्ष्म आणि लघु उद्योगांना या जाळ्यावर आणण्यासाठी केंद्र सरकारने २०२४ मध्ये ‘टीम’ ही योजना सुरू केली. सरकारी खरेदीसाठी ‘जेम’ हे संकेतस्थळ आहे, तर बचतगटांच्या उत्पादनांसाठी ‘सरस’ प्रदर्शने आणि ‘ई-सरस’ संकेतस्थळ उपलब्ध आहे. यांपैकी प्रत्येक मार्गाला आपापल्या मर्यादा आणि शुल्क आहेत. म्हणूनच परिसरातील किराणा दुकाने, आठवडी बाजार, गृहनिर्माण संस्थांतील प्रदर्शने आणि जुन्या गिऱ्हाइकांच्या शिफारशी या नेहमीच्या वाटाही खुल्या ठेवणे आवश्यक आहे.

चौथी पायरी खात्याच्या सुरक्षेची. दुहेरी पडताळणी सुरू ठेवणे, खात्याशी जोडलेला ई-मेल आणि क्रमांक स्वतःच्याच ताब्यात ठेवणे आणि एकाऐवजी दोन विश्वासू व्यक्तींकडे खात्याचे व्यवस्थापन सोपवणे, ही किमान काळजी होय. अनेक घरगुती उद्योगांत खाते भाच्याने, शेजारच्या मुलाने किंवा जाहिरातीचे काम करणाऱ्याने उघडून दिलेले असते आणि त्याचा परवलीचा शब्द मालकाला ठाऊकच नसतो. तो माणूस परगावी गेला किंवा त्याच्याशी संबंध बिघडले, की खाते आपोआप हातचे जाते.

तपासणीसाठी काही प्रश्न

आपला व्यवसाय समाजमाध्यमांवर किती अवलंबून आहे, हे पाहण्यासाठी व्यावसायिकांनी पुढील प्रश्नांची उत्तरे लिहून काढावीत.

• गेल्या तीन महिन्यांतील विक्रीपैकी किती टक्के विक्री एकाच खात्यावरून झाली?
• ते खाते आज बंद झाल्यास किती ग्राहकांना उद्या दूरध्वनी करता येईल?
• आपली सर्व खाती एकाच कंपनीच्या सेवांवर आहेत का?
• खात्याशी जोडलेला ई-मेल, मोबाइल क्रमांक आणि परवलीचा शब्द कोणाच्या ताब्यात आहे?
• एका गिऱ्हाइकामागे जाहिरातीचा खर्च किती येतो आणि तो किमतीत धरला आहे का?
• विक्री महिनाभर थांबल्यास मजुरी, भाडे आणि कर्जाचा हप्ता देण्याइतकी रक्कम शिल्लक आहे का?

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर ‘एकालाही नाही’ असे येत असेल, तर व्यवसायाची खरी मालमत्ता असलेले गिऱ्हाईक अजून मालकाच्या हाती आलेले नाही, असे समजावे. ही उणीव भरून काढायला भांडवल लागत नाही. आजपासून येणारी प्रत्येक मागणी स्वतःच्या वहीत नोंदवली, तर येत्या दिवाळीपूर्वी बहुतेक नियमित ग्राहकांची यादी तयार झालेली असेल.